कोयरीचं नाव पेस्ली?

डेडलाइन डोक्यावर होती. समर प्रिंट्सवर लेख द्यायचा होता, म्हणून लायब्ररीतून फॅशनच्या इतिहासाचा जाडजूड संदर्भग्रंथ आणला आणि त्यात बघून बिनधास्त ठोकून दिलं, 'पेस्ली : स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावावरून नाव पडलेली नक्षी.' प्रिंटआउट आजीच्या हाती लागला. फोटोवर बोट ठेवून ती म्हणाली, ''अगं, ही तर कोयरी! माझ्या शालूवर आहे की.''

धत्! मेंदीत, रांगोळीत शेकडो कोयऱ्या मीच काढल्यात. लिहिताना एकही आठवू नये?

ग्रंथ पुन्हा उघडला. त्यात खोटं काही नव्हतं, अर्धवट होतं. नक्षी इराण-काश्मीरकडची. एकोणिसाव्या शतकात पेस्लीच्या विणकरांनी काश्मिरी शालींच्या नकला विणल्या, त्या तुफान खपल्या आणि नक्षीलाच गावाचं नाव चिकटलं. मूळ कारागिरांच्या वाट्याला अर्धी ओळ. 'चिंट्झ'चंही तेच. म्हणजे आपलं चिटाचं कापड! भारतातल्या या छापील सुती कापडानं युरोपला एवढं वेड लावलं, की तिथल्या लोकर-रेशमाच्या विणकरांचा धंदा बसायला लागला. फ्रान्सनं १६८६ मध्ये बंदी घातली, इंग्लंडनं १७२१ मध्ये कायदाच केला. ग्रंथात चिंट्झ आहे, पण ही मारामारी गायब.

पॅरिसमध्ये स्कर्ट कधी किती वर गेला, याचा मात्र सालवार हिशेब. दिओरच्या १९४७ च्या 'न्यू लुक'वर पानंच्या पानं. आणि साडी? एक पान, वर 'पारंपरिक' असा शिक्का. जणू हजारो वर्षं ती तश्शीच आहे!

आजीला हे वाचून दाखवलं, तर ती हसायलाच लागली. ''तश्शीच कशी? १९५८ साली मी नऊवारी सोडून सहावारी नेसले, तर सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत माझ्याशी!''

घ्या! पणजी नऊवारीत, आजी सहावारीत, आई पंजाबी ड्रेसमध्ये आणि मी जीन्समध्ये. चार पिढ्यांत एवढं बदललं, त्यासाठी घरात भांडणंही झाली. याला फॅशन नाही तर काय म्हणायचं? फक्त त्याची सालं कुणी लिहून ठेवली नाहीत. मीही नाही. माझ्या जुन्या लेखांत साडीच्या आधी 'पारंपरिक' किती वेळा आलंय, ते मोजायची हिंमत झाली नाही.

लेखात दुरुस्ती केली, 'कोयरी, म्हणजे इंग्रजीतली पेस्ली.' एडिटरनं विचारलं, ''वाचकांना कळेल?'' म्हटलं, मेंदी काढलेल्या कुणालाही कळेल.

या वीकेंडला तुमच्या आजीलाही विचारा, पहिल्यांदा सहावारी कधी नेसलीस? साल तेवढं लिहून घ्या.