नकाराचं पत्र

बाबांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी दुपारचे चार वाजले की त्यांचा हात आपोआप खुंटीकडे जातो. तिथे पूर्वी रेग्झिनची काळी बॅग असायची. बॅगेत पावतीपुस्तक, रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा, कार्बन पेपर आणि सुट्ट्या पैशांसाठी आईने शिवलेली कापडी पिशवी. आता खुंटीला छत्री असते. ती घेऊन, "जरा जाऊन येतो," म्हणत बाबा खाडीच्या बाजूला चालायला लागतात. गणपतीला किंवा शिमग्याला मी अंजनवेलला असलो की त्यांच्याबरोबर जातो. अर्ध्या तासाच्या रस्त्याला दीड तास लागतो, कारण दर चौथ्या घरातून हाक येते.

बाबा पतपेढीत होते. सुरुवात पिग्मी एजंट म्हणून, मग शृंगारतळीच्या शाखेत क्लार्क, शेवटची काही वर्षं शाखाधिकारी. गावात कुणी "बँकेत आहेत" म्हटलं की ते लगेच दुरुस्त करायचे, "बँक नाही, पतपेढी." लहानपणी मला तो नम्रपणा वाटायचा. पण ती काळजी होती. बँक बुडाली तर ठेवीदाराला आज पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. चुकीच्या माणसाला दिलेलं कर्ज म्हणजे कोणीतरी मासे विकून रोज बाजूला काढलेले दहा रुपये बुडणं. ते दहा रुपये बाबांनी स्वतः त्या बाईच्या हातातून घेतलेले असत, खवल्यांसकट.

'पिग्मी' हा शब्द मला बरीच वर्षं बाबांच्या बॅगेचाच वाटायचा. पुढे कळलं की ही योजना १९२८ साली उडुपीतल्या एका बँकेने सुरू केली, तीच पुढची सिंडिकेट बँक. रोज दोन आणे, आणि तेही बँकेचा माणूस दारात येऊन नेणार. बँकेपर्यंत जायला ज्यांना वेळ नाही, कपडे नाहीत किंवा धीर नाही, त्यांच्याकडे बँकेने जायचं, एवढीच त्यातली कल्पना. आमच्याकडे ती पतपेढ्यांनी उचलली आणि गावोगाव बाबांसारखी माणसं बॅग लावून फिरायला लागली.

मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमचं अ‍ॅप मोबाइलवर कर्ज देतं. कर्ज द्यायचं की नाही हे ठरवणारा जो भाग आहे, त्या टीममध्ये मी तीन वर्षं आहे. म्हणजे आपण बापलेक एकाच धंद्यात आहोत, असं मी एकदा गमतीने म्हटलं. बाबांनी विचारलं, "तुमच्याकडे ठरवायला किती वेळ लागतो?"

"एक सेकंदसुद्धा नाही."

ते थोडा वेळ चालत राहिले. मग म्हणाले, "आणि नाही म्हणायला?"

"तेवढाच."

त्यावर ते काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून फिरायला गेलं की आमचं बोलणं या विषयावर येतं. ते त्यांची पद्धत सांगतात, मी माझी सांगतो.

त्यांची पद्धत कुठे लिहिलेली नव्हती. कर्ज मागणाऱ्याआधी ते त्याचं पिग्मीचं कार्ड बघायचे. किती पैसे भरले यापेक्षा कधी भरले ते. आमच्याकडे पैशांनाही ऋतू असतात. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याचे पैसे येतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा वेलदूरच्या होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या असतात आणि घरात येणारं काही नसतं. भाद्रपदात चाकरमानी येतात, त्यांच्याबरोबर मुंबईचा पैसा येतो. बाबा म्हणतात, "मे महिन्यात दोनशे भरणाऱ्याचं मला कौतुक नाही. जुलैत वीस रुपये भरतो ना, त्याला मी कर्ज देईन."

हे ऐकून मी पुण्यात आल्यावर एक चाळा केला. टेस्ट डेटा म्हणून एका काल्पनिक मच्छीमाराचा अर्ज बनवला, आमच्या गावचा पिनकोड टाकला आणि वर्षभराची जमा बाबांनी सांगितली तशी भरली. नकार आला. कारणाच्या रकान्यात 'अनियमित उत्पन्न' असा कोड होता. वास्तविक ते उत्पन्न इतकं नियमित होतं की त्याची तारीख सरकारी अधिसूचनेत छापून येते. आमच्या प्रणालीला मात्र दर महिन्याच्या एक तारखेलाच नियमित म्हणायला शिकवलेलं होतं. शिकवणाऱ्यांत मीही होतो.

दुसरी गोष्ट जामीनदारांची. बाबा म्हणतात, "अर्जदार खोटं बोलू शकतो. जामीनदार सही करताना पेन कसं धरतो, ते खोटं बोलत नाही." हा गावठी शहाणपणा आहे असं वाटेल, पण त्याच्यामागे जुना विचार आहे. जर्मनीत रायफायझनने एकोणिसाव्या शतकात खेड्यांतल्या पतसंस्था उभ्या केल्या त्या याच पायावर, की एका छोट्या टापूतली माणसं एकमेकांना ओळखतात. भारतातला १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्याच वळणाचा होता. ग्रामीण संस्थांच्या सभासदांची जबाबदारी अमर्याद. एकाने बुडवलं तर बाकीच्यांनी भरायचं. मग प्रत्येक जण दुसऱ्यावर लक्ष ठेवणारच.

या व्यवस्थेचं कौतुक करताना मला अडखळायला होतं, कारण तिची दुसरी बाजूही मी घरातच ऐकली आहे. ओळखीवर चालणाऱ्या ठिकाणी ज्याची ओळख नाही त्याचं काय? बायकांची पिग्मी गावोगाव होती, पण कर्जाचा अर्ज नवऱ्याच्या नावाचा. बचत गट आले तेव्हा कुठे ते थोडं बदललं. कुणाला जामीनदार पटकन मिळायचे आणि कुणाला मिळायचेच नाहीत, यात वाडी आणि जात नव्हती असं म्हणणं खोटं होईल. मी हे बाबांना विचारलं. ते म्हणाले, "ज्यांना दिलं त्यांची वही माझ्याकडे आहे. जे जामीनदार न मिळाल्यामुळे दारातूनच परत गेले, त्यांची वही कुणी ठेवली नाही." आमचं अ‍ॅप निदान जामीनदार मागत नाही. अनोळखी माणसाला ते रात्री दोन वाजतासुद्धा कर्ज देतं. हे मी बाबांना सांगितलं आणि त्यांनी ते मान्यही केलं.

पण नकाराबद्दल आमचं जमत नव्हतं. का जमत नव्हतं, ते मला गेल्या गणपतीत कळलं.

त्यासाठी एन्रॉनच्या दिवसांत जावं लागेल. प्रकल्पाचं नाव दाभोळचं असलं तरी तो उभा राहिला खाडीच्या अलीकडे, आमच्या अंजनवेल, वेलदूर, रानवीच्या बाजूला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, दुसऱ्याचं बांधकाम जोरात होतं. बाहेरगावचे हजारो लोक आले. त्यांना राहायला खोल्या हव्या होत्या, जेवायला खानावळी, फिरायला गाड्या. पतपेढीच्या दारात त्या काळात अर्जांची रांग होती. बाबा तेव्हा क्लार्क होते. अर्जावर शेरा लिहून तो कर्ज समितीपुढे ठेवणं हे त्यांचं काम.

सन २००० मध्ये त्यांच्यापुढे दोन अर्ज आले. एक शेजारच्या वाडीतल्या माणसाचा, खानावळीसाठी. दुसरा माझ्या काकांचा, कंपनीच्या कामगारांची ने-आण करायला ट्रॅक्स घ्यायची होती म्हणून. काका तेव्हा आज मी आहे तेवढ्याच वयाचे होते. घर एकच, चुली दोन. बाबांनी खानावळीची शिफारस केली. काकांच्या अर्जावर लिहिलं की परतफेड पूर्णपणे एकाच कंपनीवर अवलंबून आहे, सबब शिफारस नाही. समितीने तेच मान्य केलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. विजेच्या दरावरून वीज मंडळाशी वाद झाला, २००१ च्या मध्याला प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरात तिकडे अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये नवी कंपनी स्थापन होऊन प्रकल्प तिच्याकडे गेला, पण तोपर्यंत इथली बरीच घरं बसली होती. खानावळ बंद झाली. काकांनी खासगी फायनान्सकडून जास्त व्याजाने ट्रॅक्स घेतली होती, ती हप्ते थकल्यावर ओढून नेली. काका नालासोपाऱ्याला गेले आणि दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झाले. अकरा वर्षं ते गणपतीला आले नाहीत. कोकणात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. २०१२ मध्ये आजी गेली तेव्हा आले. त्यानंतर दरवर्षी येतात, दीड दिवस राहतात आणि विसर्जन झालं की निघतात.

मी हे इतकी वर्षं असं समजत होतो की बाबांचा निर्णय बरोबर निघाला आणि काकांना तो पचला नाही. इंजिनिअरच्या डोक्याला हे पटतं. एक अर्ज नाकारला, तो बुडालाच असता, म्हणजे निकाल अचूक. दुसरा मंजूर केला, तो बुडला, म्हणजे चूक. पण गणित असं असेल, तर ज्याच्या बाबतीत चूक झाली तो खानावळवाला आजही बाबांना रोज चहाला हाक का मारतो?

गेल्या गणपतीत मी हे बाबांना विचारलं. ते म्हणाले, "खानावळीचे हप्ते थकले तेव्हा कलम १०१ ची नोटीस निघणार होती. आदल्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, उद्या नोटीस येईल, घाबरू नको, शाखेत ये, बसून बोलू. त्याने मला शिव्या घातल्या. मग त्याच्या बायकोने चहा ठेवला." पुढे त्या माणसाने आठ वर्षं थोडे थोडे करून कर्ज फेडलं.

"आणि काकांना काय सांगितलंत?"

"त्याला सांगितलं नाही. पत्र गेलं."

ते पतपेढीचं नेहमीचं छापील पत्र होतं. 'आपला कर्जमागणी अर्ज समितीने नामंजूर केला आहे.' रिकाम्या जागी नाव आणि तारीख हाताने भरायची. ती बाबांनीच भरली होती आणि पत्र पोस्टात टाकलं होतं. पोस्टमनने ते आमच्याच ओटीवर आणून दिलं. काकांनी पाकीट फोडलं आणि आतलं अक्षर ओळखलं.

"आयुष्यात तेवढं एकदाच पत्रावर भागवलं," बाबा म्हणाले. "बाकी प्रत्येकाला नाही म्हणायला मी स्वतः गेलो. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने पिग्मीला जायचं असायचं, तोंड चुकवून चालणार नव्हतं. त्याच्यासमोर मात्र बसवेना."

काकांशीही मी नंतर बोललो. नालासोपाऱ्याला त्यांच्या घरी, जेवण झाल्यावर. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते म्हणाले, "दादाने समोर बसवून नाही म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. भांडता भांडता त्याने कारण सांगितलं असतं. कारण ऐकलं असतं तर कदाचित ती गाडी घेतलीच नसती. पत्रात कारण नव्हतं रे. मला वाटलं, दादाला मी नालायक वाटतो."

पुण्याला परतताना बसमध्ये मी आमचं अ‍ॅप उघडलं. नकाराचा मजकूर तीन वर्षांपूर्वी मीच लिहिला होता. 'क्षमस्व! सध्या आम्ही आपल्याला कर्ज देऊ शकत नाही.' त्याखाली एक हसरं चित्र आहे. ते डिझाइनवाल्यांचं. कारणाचा कोड आमच्याकडे असतो, पण तो दिसतो फक्त आम्हाला. ज्याला नाही म्हटलं त्याला मी कधी भेटणार नाही. त्याच्या घरावरून माझा रस्ता जात नाही. म्हणूनच ते वाक्य मला इतक्या सहज लिहिता आलं.

ऑफिसात मी एक प्रस्ताव मांडला. नकाराबरोबर खरं कारण साध्या मराठीत सांगायचं, आणि अर्जदाराला हवं असेल तर माणसाचा फोन. प्रॉडक्ट मॅनेजरने विचारलं, याने कोणता आकडा सुधारेल? मला आकडा सांगता आला नाही. ते काम अजून यादीत आहे, बरंच खाली. हसरं चित्र तेवढं काढलं.

बाबा आता स्वतः पिग्मी भरतात. रोज पन्नास रुपये. गोळा करायला गावातलीच एक मुलगी येते, तिच्याकडे पावतीपुस्तक नाही, छोटं मशीन आहे. मी म्हटलं, "बाबा, मोबाइलवरून महिन्याचे एकदम टाका ना, तिची फेरी वाचेल."

ते म्हणाले, "तिची फेरी वाचली तर तिला कळणार कसं, कोण कसा आहे ते?" मग नोट घडी घालून ओटीवरच्या डब्याखाली ठेवली आणि छत्री घेऊन निघाले.