एका घंटेवर दोन खोल्या

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. ती आपल्या वसतिगृहाच्या कार्यालयापर्यंत यायला १९९८ चा पावसाळा उजाडला. आखाती देशात नोकरीस गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने संस्थेला मोडेमचे कार्ड भेट दिले होते. ई-मेल सुरू झाला, तर परदेशातील माजी विद्यार्थ्यांशी नियमित पत्रव्यवहार करता येईल, ही सरांची इच्छा होती.

संस्थेकडे संगणक एकच, तोही देणगीत आलेला ४८६. त्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी. कार्ड बसवायला शहरातील एका दुकानाचा माणूस आला. मोडेमने नंबर फिरवायला सुरुवात केली की पडद्यावरचा माऊस जागीच थिजे. दोन फेऱ्यांनंतर त्याने निर्वाळा दिला : मदरबोर्ड गेला आहे, नवा संगणक घ्या. नव्या संगणकाची किंमत म्हणजे वसतिगृहाचा कित्येक महिन्यांचा किराणा. सरांनी कपाटाची किल्ली फिरवता फिरवता मला विचारले, “तू सातपूरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकतोस ना? मग उघडून बघ.”

माझे वडील ऊसतोडीला जात. पाटी लावलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, हे आम्हा मुलांना कुणी वेगळे शिकवावे लागत नसे. सरांनी स्वतः ती पाटी काढून खणात ठेवली आणि पेचकस माझ्या हाती दिला. त्यांना संगणकातले काही कळत नव्हते. तरीही ते शेजारी स्टूल घेऊन बसले.

बिघाड कशात होता, ते वसतिगृहाच्याच भाषेत सांगतो. संगणकाच्या प्रत्येक पोर्टला एक पत्ता असतो, जसा खोलीचा क्रमांक. शिवाय मध्यवर्ती प्रोसेसरला हाक मारायला एक घंटा असते, तिला इंटरप्ट म्हणतात. त्या यंत्रात अशा १६ घंटा, पैकी एक दोन गटांना जोडण्यात खर्ची पडलेली. पहिल्या सीरियल पोर्टचा, म्हणजे कॉम १ चा पत्ता ३एफ८ आणि घंटा ४. कॉम २ चा पत्ता २एफ८, घंटा ३. कॉम ३ चा पत्ता ३ई८ असा निराळा, पण घंटा पुन्हा ४ च. आणि कॉम ४ ची ३. आतल्या मोडेमचे कार्ड स्वतःच एक सीरियल पोर्ट असते. आमचे कार्ड कॉम ३ वर बसवलेले होते आणि माऊस कॉम १ वर. पत्ते वेगळे म्हणून दुकानदाराच्या माणसाला सारे ठीक वाटले असावे. परंतु खोल्या दोन आणि घंटा एक! त्या जुन्या पद्धतीच्या खाचांमध्ये दोन कार्डांना एक घंटा वाटून घेता येत नसे. मोडेम हाक मारू लागला की माऊसची हाक कुणाच्या कानी पडत नसे.

विंडोज ९५ च्या यादीत कोणती घंटा कोणाकडे आहे ते पाहिले आणि कागदावर उतरवले. ७ प्रिंटरकडे, ६ फ्लॉपीकडे, १४ हार्ड डिस्ककडे. मदरबोर्डावरचा कॉम २ मात्र रिकामा पडून होता, विनाकारण ३ ची घंटा अडवून. म्हणून प्रथम बायोसमध्ये जाऊन तो कॉम २ बंद केला. हे आधी करणे आवश्यक, नाही तर एकाच पत्त्यावर दोघे भांडू लागतात. मग वीज बंद करून कार्ड बाहेर काढले. त्यावर तांदळाच्या दाण्याएवढ्या टोप्या होत्या, जंपर म्हणतात त्यांना. एक संच पत्त्यासाठी, दुसरा घंटेसाठी. केवळ पत्ता बदलून भागत नाही. दोन्ही संच कॉम २ आणि ३ वर आणले, जुनी नोंद पुसून मोडेम नव्याने नोंदवला.

त्या रात्री मोडेमने शीळ घातली, खरखर केली, आणि माऊस हलत राहिला. सरांनी तो गोल गोल फिरवून पाहिला, बराच वेळ.

आठवड्याभरात आखातातून पहिले उत्तर आले. सरांनी ते छापून घेतले व प्रार्थनेनंतर सर्व मुलांना वाचून दाखवले. पाटी पुन्हा लावली नाही. रविवारी मात्र मोडेम जोडायचा नाही असा नियम झाला. टेलिफोनची तार एकच होती, आणि त्या दिवशी गावाकडून आईवडिलांचे फोन येत.