भाईजानची कॅसेट

पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चे चाहते एका गोष्टीवर अडून बसतात. हा अल्बम सलग ऐकायचा, मधलंच एखादं गाणं उचलायचं नाही. मार्च 1973 मध्ये निघालेला हा अल्बम जेमतेम 43 मिनिटांचा आहे, पण अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 1988 पर्यंत तो 741 आठवडे होता. काहीजण म्हणतात, त्याचं उगाच कौतुक झालं, तो महागडे स्पीकर तपासायलाच बरा. संगीत ऐकावं की नाही, यावरच आपल्याकडे मतभेद आहेत. तो वाद आज बाजूला ठेवते.

आमच्या नागावच्या घरात ही कॅसेट भाईजानने कुवेतहून आणली. मला तेव्हा इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण हृदयाचे ठोके कळत होते. अल्बम त्यांनीच सुरू होतो आणि त्यांनीच संपतो. वेळेवरच्या गाण्याआधी एकदम घड्याळांचे गजर वाजतात. ते ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्सने घड्याळांच्या दुकानात टिपले होते.

पहिली बाजू मरणावर संपते. क्लेअर टोरी त्यात एकही शब्द न उच्चारता गाते. आलाप ऐकलेल्या माणसाला तो आक्रोश समजायला भाषा लागत नाही. अब्बांचा इंतकाल झाला तेव्हा भाईजानला रजा मिळाली नाही. मिट्टीला तो नव्हता. पुढे घरी आला तेव्हा त्याने कॅसेटची तेवढीच बाजू लावली आणि उठून वाडीत गेला. त्या गायनाचे टोरीला 30 पौंड मिळाले होते. तिने 2004 मध्ये दावा केला, तेव्हा पुढच्या वर्षी तडजोड होऊन रचनाकार म्हणून तिचं नाव लागलं. मेहनतीचा हक्क मिळायला तीस वर्षांहून अधिक काळ गेला.

कॅसेट उलटली की गल्ल्याचा खणखणाट येतो. पैशावरचं हे गाणं बहुतांश सात मात्रांत आहे. आपला रूपकही सात मात्रांचाच. चाहते त्या तालावर खूश असतात. भाईजान मात्र हे गाणं पुढे ढकलायचा. "पैशाचं मला कुणी सांगायला नको," म्हणायचा.

फेब्रुवारी 2007 मध्ये रॉजर वॉटर्सने मुंबईत हा अख्खा अल्बम वाजवला. मांडव्याहून लाँच पकडली की गेटवे तासाभराच्या अंतरावर. भाईजान तेव्हा कुवेतमध्येच होता.

बावीस वर्षांनी तो कायमचा परतला. मुलं मोठी झाली होती. दोन-दोन महिन्यांच्या रजेत जेवढं घर वाट्याला आलं, तेवढंच त्याचं. आता माझे जुने विद्यार्थी पासपोर्टच्या कागदांवर सह्या घ्यायला येतात, तेव्हा मी त्यांना अडवत नाही. घर चालवायचं असतं. फक्त विचारते, "किती वर्षांसाठी?" अजून कुणी आकडा सांगितलेला नाही. तुमच्या घरात कुणी सांगितला होता का?