गडावरचं खारं पाणी

पन्हाळा,
श्रावण

चि. बाळूस,


तू पाठवलेला फोटो पाहिला. मासा देखणा आहे, त्यात वाद नाही. निळ्याशार अंगावर नारिंगी नागमोडी रेघा, परांना निळी किनार. फोनवर उत्तर दोन शब्दांत देता आलं असतं, ‘आणू नकोस’. पण नुसतं ‘नको’ म्हटलेलं तू लहानपणापासून कधी ऐकलेलं नाहीस. म्हणून सविस्तर लिहिते आहे. इथं धुकं खिडकीला टेकलंय आणि वीज सकाळपासून लपंडाव खेळतेय, त्यामुळं लिहायला निवांतपणा आहे.

हा मँडरिन मासा. मूळचा पश्चिम पॅसिफिकमधला, जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या प्रवाळांत राहणारा. १९२७ साली हेर नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञानं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. लांबी जेमतेम बोटाएवढी. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी जाड बुळबुळीत थर. मोराचा किंवा फुलपाखराचा निळा रंग हा प्रकाशाचा खेळ असतो, हे तुला शाळेत मीच सांगितलं होतं. ह्या माशाच्या कातडीत मात्र खरोखरीचं निळं रंगद्रव्य भरलेल्या पेशी असतात. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत हे फार म्हणजे फारच दुर्मीळ. तेव्हा तुझी नजर चांगली आहे, एवढं मान्य.

आता त्याचं तोंड बघ. फोटो मोठा करून बघ. टाचणीच्या डोक्याएवढ्या त्या तोंडानं तो दगडावरचे कोपेपॉड टिपतो. कोपेपॉड म्हणजे कोळंबीच्या कुळातले, डोळ्यांना पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसणारे जीव. उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्याचा हाच उद्योग, एक टिपला की पुढचा. आपल्या कोल्हापुरात तालमीतल्या पैलवानाला खुराक दोन वेळचा असतो. ह्याला तो दिवसभर लागतो, आणि तोही जिवंत, हलता. गोठवलेल्या खाद्याकडं बहुतेक मँडरिन ढुंकूनही पाहत नाहीत. दुकानदार तुला म्हणाला असेल, ‘खातो हो सगळं.’ दुकानात तो आठवडा-दोन आठवडे असतो. उपाशी माशाला मरायला त्याहून जास्त दिवस लागतात. तोवर तो तुझ्या घरी आलेला असतो, पोट खपाटीला जातं, पाठीचं मांस उतरतं, आणि पाण्याच्या सगळ्या चाचण्या उत्तम येत असताना एके दिवशी तो दगडामागं आडवा सापडतो. अशा वेळी लोक पाण्याला दोष देतात.

मला काय म्हणायचंय ते इथंच सांगून टाकते. छोटा, नाजूक समुद्री मासा घरी वाढवायचा म्हणजे आधी त्याचा घास वाढवायचा. मासा शेवटी येतो. ज्याच्या घरात घासाची सोय नाही, त्याच्या टाकीत कितीही महागडं फिल्टर असलं तरी उपयोग शून्य.

तू लिहिलंयस, ‘मावशी, तू गडावर बसून समुद्र सांभाळतेस, मग मला पुण्यात काय अडचण?’ अडचण पुण्याची नाहीच. उलट काही बाबतींत पन्हाळा तुझ्याहून बरा. एप्रिल-मे महिन्यांत तुझ्या टाकीचं पाणी तापून तीस अंशांच्या वर जाईल आणि तुला ते थंड ठेवायचं यंत्र घ्यावं लागेल. मला इथं पंख्यावर भागतं. थंडीत मात्र डिसेंबरच्या रात्री हीटर बंद पडून चालत नाही. पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांवर ठेवायचं, आणि ते ठेवण्यापेक्षा हलू न देणं जास्त महत्त्वाचं. उंचीचाही एक फटका आहे, तो कुणी सांगत नाही. समुद्राच्या एक लिटर कोमट पाण्यात फार तर साडेसहा-सात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, गोड्या पाण्याहून कमीच. गड समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या आसपास. हवा विरळ म्हणून त्यातला आणखी दहाएक टक्के जातो. त्यात वीज गेली की पंप थांबतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही इथं चैन नसून पहिली खरेदी आहे.

खारं पाणी कुठून आणतेस, हा तुझा दुसरा प्रश्न. गडावर गोड्या पाण्याला तोटा नव्हता, अंधारबाव आणि सोमाळे तळं तू पाहिलंच आहेस. खाऱ्यासाठी मात्र आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायला हवी. ते काही मी करत नाही. पावसाळ्यात नद्यांचा पूर समुद्रात शिरतो, किनाऱ्याचं पाणी गढूळ होतं, त्यातलं मीठ उतरतं. बंदराजवळ डिझेलचा तवंग असतो. त्यापेक्षा मत्स्यालयासाठीचं तयार सागरी मीठ आणून आरओच्या पाण्यात मिसळते, लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबानं. घरचं मीठ चालत नाही, कारण समुद्रात नुसतं मीठ नसतं, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट असं बरंच काही असतं. एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: टाकीतून उडून जातं ते पाणी, मीठ जागच्या जागी राहतं. म्हणून कमी झालेली पातळी गोड्या पाण्यानंच भरायची. मार्चमध्ये आमच्या कोरड्या वाऱ्यात रोज भरावं लागतं, आता आषाढ-श्रावणात जवळपास नाहीच. बाकी टाकी लावणं, जिवाणूंची साखळी बसेपर्यंत महिना-दीड महिना थांबणं, हे तुला ठाऊक आहे.

माझ्याकडं आहे ती क्लाउनफिशची जोडी. तुम्ही पोरं २००३ च्या त्या कार्टूनपासून त्याला निमोच म्हणता. मोठा मासा दणकट आहे, त्याच्यात नाजूक असं काही नाही, कोरडं खाद्यही खातो. दोन लहान पिल्लं आणली तरी जोडी जमते, कारण जन्मतः सगळे नर होण्याच्या वाटेवर असतात आणि दोघांतला वरचढ मादी होतो. राहायला समुद्रफूल हवंच असंही नाही. आमची जोडी मातीच्या आडव्या कुंडीत संसार करते. नाजूक आहे ते त्यांचं पिल्लू. आणि ते वाढवताना जे शिकायला मिळतं, ते मँडरिनच्या वाटेवरचं पहिलं गाव आहे.

मादी कुंडीच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवते, शेकड्यांनी. सुरुवातीला नारिंगी दिसतात. नर त्यांच्यावर पहारा देतो, परांनी वारा घालतो, मेलेली अंडी तोंडानं उचलून बाजूला करतो. आठवडाभरात अंड्यांत चंदेरी डोळे चमकू लागले की समजायचं, आज-उद्या रात्री फुटणार. दिवे मालवल्यावर तास-दोन तासांत, अंधारातच फुटतात. त्या संध्याकाळी अंडी असलेली कुंडी उचलून शेजारच्या वीस-पंचवीस लिटरच्या टाकीत ठेवायची, त्याच टाकीचं पाणी भरून. बापाच्या वाऱ्याऐवजी हवेच्या नळीचे बुडबुडे सोडायचे. सकाळी पाण्यात काही नाही असंच वाटतं. मग विजेरी तिरपी धरली की तीन-चार मिलिमीटरचे काचेसारखे जीव दिसतात, म्हणजे खरं तर डोळेच दिसतात.

ह्या टाकीच्या बाजूंना बाहेरून काळा कागद लावायचा. उघड्या काचेवर उजेड चमकला की पिल्लं तिकडं झेपावतात आणि काचेवर डोकी आपटून आपटून मरतात. हॅचरीवाले ह्याच कारणानं काळ्या टाक्या वापरतात. उजेड वरून, मंद.

आणि आता घास. पिल्लाच्या पोटाखाली बलकाची शिदोरी फार थोडी असते, पहिल्याच दिवशी तोंडासमोर काहीतरी हललं पाहिजे. त्या तोंडात जातो तो रोटिफर. मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून तिसऱ्या भागापर्यंतचा हा जीव, खाऱ्या पाण्यात गिरक्या घेत फिरणारा. आणि तो एक-दोन असून चालत नाही. पिल्लू आळशी शिकारी आहे. पाण्याच्या प्रत्येक थेंबाला रोटिफर भेटला पाहिजे, मिलिलिटरला दहा-पंधरा तरी. रोटिफरला खायला लागतं हिरवं पाणी, म्हणजे नॅनोक्लोरोप्सिस नावाचं एकपेशीय सूक्ष्म शेवाळ. त्याला लागतो उजेड. पन्हाळ्यावर जून ते सप्टेंबर सूर्य दिसेल याची हमी नाही, म्हणून माझ्या बाटल्या ट्यूबलाइटखाली असतात. वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढून अन्नसाखळी शिकवली. ती बाटल्यांत उभी करायला निवृत्ती यावी लागली.

क्रम कधीच उलटा नसतो. आधी हिरवं पाणी दाट होऊ द्यायचं, मग त्यात रोटिफर सोडायचे, ते वाढून पाणी फिकट होऊ लागलं की तयार. रोटिफरच्या माद्या नराशिवाय वाढतात आणि ऊब असली तर एक-दोन दिवसांत दुप्पट होतात. पण त्यांचं पाणी बिघडलं तर एका रात्रीत अख्खी बाटली मरते. म्हणून दोन बाटल्या, त्याही दोन वेगळ्या खोल्यांत, दोन वेगळ्या चमच्यांनी हाताळायच्या. उपाशी रोटिफर पिल्लाला देऊन उपयोग नाही, पोकळ घास तो. देण्याआधी काही तास त्यांना भरपूर शेवाळ खाऊ घालायचं. पिल्लाच्या पोटात जातं ते शेवटी शेवाळच.

पहिला आठवडा असा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून हळूहळू आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला रोटिफरहून मोठा जिवंत जीव, सुरू करायचा. त्याची कोरडी अंडी डब्यात मिळतात, खाऱ्या पाण्यात हवा सोडून ठेवली की दिवस-दीड दिवसात फुटतात. ताजेच द्यायचे, शिळ्या आर्टेमियानं आपलीच शिदोरी संपवलेली असते. घाई केलीस तर मात्र पिल्लाच्या तोंडात तो मावत नाही. उरलेलं खाद्य मरून पाण्यात अमोनिया चढतो, त्यामुळं रोज थोडं पाणी काढून तेवढंच बारीक नळीनं थेंबथेंब परत सोडायचं. तांब्यानं ओतायचं नाही! आठव्या ते बाराव्या दिवसांत कधीतरी पिल्लं तळाकडं उतरतात, अंगावर नारिंगी छटा येते, डोक्यामागं पहिला पांढरा पट्टा उमटतो. इथवर आलेली बहुतेक जगतात. इथवर येणारी सुरुवातीला मूठभरच असतात, ह्यात लाज वाटायचं कारण नाही.

आणि मँडरिनचं पिल्लू? ते क्लाउनफिशच्या पिल्लापुढं अगदीच चिमुकलं. नर-मादी तिन्हीसांजेला अंगाला अंग लावून पाण्यात वर चढतात आणि मिलिमीटरहून लहान अंडी सोडून देतात. ती तरंगतात, त्यांना बापाचा पहारा नाही. पिल्लाला रोटिफरही मोठा पडतो, कोपेपॉडची नुकती जन्मलेली पिल्लं लागतात. परदेशात काही हॅचऱ्यांनी हे साधलंय, तिथं वाढलेले मँडरिन गोठवलेलं खाद्यही शिकतात. आपल्याकडच्या दुकानात दिसतात ते मात्र बहुधा प्रवाळांतून पकडून आणलेले. तुझ्या फोटोतला कुठला, हे दुकानदाराला विचार. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

ह्या बाबतीत मी हट्टी आहे. घरात यावा तो हॅचरीत जन्मलेलाच मासा. क्लाउनफिशचं तंत्र आपल्याकडं केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेनं कधीच बसवलंय. आपल्या राज्यात ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रात समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी आहे. मुंबईला गेलास की तिथं जाऊन ये. लहानपणी तुला तारापोरवाला मत्स्यालयात नेलं होतं; १९५१ सालचं ते घर टाळेबंदीपासून बंदच आहे, त्यामुळं समुद्री मासा काचेमागं बघायची सवयच पोरांची गेली. तुला रत्नागिरी जवळ करता आली तर आणखी बरं. तिथल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात मत्स्यालय आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. तिथल्या माणसांना माशाबद्दल नको विचारूस, हिरव्या पाण्याबद्दल विचार. तुझं निम्मं काम तिथंच होईल.

आणखी एक, तू विचारलं नाहीस तरी. मालवणला गेलास तर टाकीच्या सजावटीसाठी प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकू नकोस. प्रवाळ आणि समुद्रघोडा दोन्ही २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. समुद्रघोडा घरी ठेवायचा विचार तर मनातही आणू नकोस. गोव्यात दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी तो बंदिस्त पाण्यात वाढवण्यावर काम केलंय, ते त्यांचं काम. टाकीत कोरडा, सच्छिद्र दगड पुरतो. जिवाणूंना राहायला भोकं हवीत, तो दगड कुठल्या समुद्रातला हे त्यांना कळत नाही.

तुझे बाबा म्हणतील, पोराला नसता नाद लावला. त्यांना सांग, मावशी उलट थांब म्हणतेय. मँडरिन कायमचा नको असं मी म्हणत नाही. वर्षभर जुनी, दगडांनी भरलेली, कोपेपॉड मुरलेली टाकी असेल, शेजारी त्यांची वेगळी बरणी चालू असेल, आणि मासा हॅचरीतला मिळाला, तर अवश्य आण. मी स्वतः बघायला येईन. आज तुझ्याकडं ह्यातलं काहीच नाही.

तेव्हा असं कर. दोन बरण्या घे, एकीत हिरवं पाणी, दुसरीत कोपेपॉड. वाण माझ्याकडून घेऊन जा, दिवाळीत येशीलच. दोन्ही बरण्या होळीपर्यंत जिवंत ठेवून दाखव, मग माशाचं बोलू. तोवर दुकानदाराला आगाऊ पैसे देऊ नकोस.

तुझी,
मावशी