आवाज आमचा, तोंड कुणाचं?

चळवळीत बाईच्या कपड्यालत्त्यावर बोलायला गेलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "ताई, हे बायकी विषय. आधी अत्याचारावर बोला." गाण्याच्या व्हिडिओवर बोललं तर विचारूच नका. नाचगाणं, नट्टापट्टा, भांडवलदारांचा धंदा. पोरींनी मोबाईलवर बघायचं आणि कार्यकर्त्यांनी नाक मुरडायचं, असं आमचं चाललंय.

मला हे पटत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली. त्याच वेळी बाबासाहेब बायांसमोर काय बोलले? लुगडं नेसायची रीत बदला म्हणाले. हातागळ्यातले चांदी-कथलाचे जाड दागिने, ज्यांच्यावरून लांबूनच जात ओळखू येते, ते टाका म्हणाले. एवढा अर्थशास्त्राचा नि कायद्याचा माणूस, पण त्याला लुगड्याच्या निऱ्या किरकोळ वाटल्या नाहीत. बायांनीही ते लगेच मनावर घेतलं.

माझी आई सांगायची, तिच्या आईनं पहिल्यांदा घोट्यापर्यंत लुगडं नेसलं तेव्हा गावातली एक बाई वाड्याच्या दारातून ओरडली, "लई माज आलाय गं तुला." आजी काही बोलली नाही. लुगडं मात्र वर घेतलं नाही. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचं म्हणणं तिनं अंगावर नेसून सांगितलं आणि गावाला ते बरोबर कळलं. कळलं नसतं तर ती बाई ओरडली कशाला असती?

म्हणून बाई चित्रात कशी दिसते, कुठं उभी राहते, कुणाकडं बघते, हा माझ्या दृष्टीनं राजकारणाचा प्रश्न आहे. आपल्या पँथरनं १९७२ साली नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून. तर मग तिथल्या काळ्या बायांनी गाण्याच्या व्हिडिओत काय केलं, ते मी बघायला बसले. भाची एकेक लावून देत होती. इंग्रजी शब्द निम्मे कळले. चित्र पुरतं कळलं.

१९८९ साली क्वीन लतिफाचा 'लेडीज फर्स्ट' आला. पोरगी एकोणीस वर्षांची. न्यूअर्क गावची, शाळामास्तरणीची लेक. नाव घेतलं ते राणीचं. सोबत मोनी लव्ह, इंग्लंडची काळी पोरगी. व्हिडिओत हॅरिएट टबमन, सोजर्नर ट्रुथ, अँजेला डेव्हिस अशा लढलेल्या बायांचे फोटो येतात. मग लतिफा फौजी थाटाच्या पोशाखात उभी. पुढ्यात आफ्रिकेच्या दक्षिण भागाचा भला मोठा नकाशा. त्यावर गोऱ्या साहेबांच्या सोंगट्या. ती त्या बाजूला सारते आणि तिथं काळ्या मुठी उभ्या करते. मध्येमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याची दृश्यं. नेल्सन मंडेला तेव्हा अजून तुरुंगात होते.

यात बाई काय करते बघा. कंबर हलवत नाही, कुणाची वाट बघत नाही, रडत नाही. नकाशासमोर उभी राहून हुकूम देते. नकाशासमोर नेहमी कोण उभं असतं? सेनापती. सेनापतीच्या जागी काळी पोरगी उभी केली, एवढ्या एका चित्रात पुस्तकभर सांगून झालं.

त्याच १९८९ साली आपल्याकडं ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' निघालं. आंबेडकरी चळवळीतल्या बाया शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांना बोलतं करून केलेलं पुस्तक. इकडच्यांना तिकडचं ठाऊक नसणार, तिकडच्यांना इकडचं नाहीच. पण काम एकच. पुसलेल्या बायांची तोंडं पुन्हा ओळीनं मांडायची.

१९९७ ला मिसी एलियट आली. अंगानं भरलेली बाई. 'द रेन'च्या व्हिडिओत तिनं काळा, फुगवलेला, चकचकीत पोशाख घातला. कचऱ्याच्या पिशवीत हवा भरावी तसा. बाजार म्हणतो, बाईनं अंग दाखवावं आणि तेही बारीक दाखवावं. हिनं अंग झाकलं आणि आणखी मोठं केलं. पडदाभर तीच. बघणाऱ्याची नजर तिच्या अंगाला लागतच नाही, त्या फुग्यावर आपटून परत येते. आमच्या वस्तीत जाड, काळ्या पोरींना काय काय नावं ठेवतात ते मला ठाऊक आहे. त्यांनी हा व्हिडिओ बघावा.

मग ६ फेब्रुवारी २०१६ ला बियॉन्सेचा 'फॉर्मेशन'. दिग्दर्शक मेलिना मत्सुकास, बाईच. पुराच्या पाण्यात पोलिसांची गाडी बुडतेय आणि टपावर बियॉन्से. २००५ साली कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्स बुडालं, काळी गरीब माणसं छपरांवर अडकून पडली, त्याची ही आठवण. दुसऱ्या दृश्यात जुना मळेवाल्यांचा वाडा, आणि आत ऐटीत बसलेल्या काळ्या बाया, हातात पंखे. ज्या तऱ्हेच्या वाड्यात त्यांच्या पणज्या गुलाम म्हणून राबल्या, तिथं त्या मालकिणीसारख्या बसल्यात. आपल्यातल्या एखादीनं पाटलाच्या वाड्यात गादीवर लोडाला टेकून बसावं, तसं. दुसऱ्या दिवशी फुटबॉलच्या मोठ्या सामन्यात तिच्या नर्तकी काळं चामडं नि काळ्या टोप्या घालून उतरल्या. काळ्या पँथरांचाच पोशाख. मायामीच्या पोलिसांची संघटना बहिष्काराची भाषा करू लागली. चित्र झोंबलं म्हणूनच ना?

पण इथंच थांबून टाळ्या वाजवायच्या नाहीत. बेल हुक्स ही काळ्या बायांची मोठी लेखिका. तिनं त्याच वर्षी बियॉन्सेच्या 'लेमनेड'वर टीका केली. हा शेवटी पैशाचा धंदा आहे, सुंदर चित्रानं बाईवरची सत्ता हटत नाही, असा तिचा रोख. मला दोघींचंही पटतं. चित्र आग लावतं हे खरं आणि चित्र विकलं जातं हेही खरं. म्हणून चित्र बघताना विचारायचं, हे कुणाच्या हुकमानं झालं? आवाज कुणाचा, तोंड कुणाचं, पैसा कुणाचा?

हा प्रश्न मार्था वॉशनं विचारला. १९९० साली सी अँड सी म्युझिक फॅक्टरीचं एक गाणं जगभर गाजलं. त्यातली ती दणदणीत हाक मार्था वॉशची. काळी, जाडजूड बाई. व्हिडिओत मात्र दुसरीच बारीक पोरगी तोंड हलवते. मार्थाचा गळा चालला, मार्था चालली नाही. ती कोर्टात गेली. तडजोड झाली, तिचं नाव लावावं लागलं.

हे अमेरिकेत घडलं म्हणून हळहळू नका. गेल्या एप्रिलात आमच्या वस्तीत जयंतीच्या गाण्याचा व्हिडिओ झाला. वर्गणी आम्ही घरोघर फिरून जमवली. गायली आमचीच एक पोरगी, धुणीभांडी करणाऱ्या बाईची लेक. आवाज असा की अंगावर काटा यावा. शूटिंगच्या दिवशी व्हिडिओवाला म्हणाला, "चेहरा चालणार नाही, व्ह्यूज मिळत नाहीत." बाहेरून गोरी पोरगी आणली. निळी साडी नेसवली, ओठ हलवायला लावले. आमचे कार्यकर्ते बाजूला उभे होते. समतेवर तासतास बोलणारे. एकानंही तोंड उघडलं नाही. मी बोलले तर म्हणाले, "ताई, जाऊ द्या, धंद्याची गोष्ट आहे." ती पोरगी मंडपाच्या बांबूला धरून स्वतःचा आवाज दुसरीच्या तोंडातून निघताना बघत राहिली.

व्ह्यूज मिळत नाहीत म्हणे. कडूबाई खरात बघा. अंगावर साधी साडी, हातात एकतारी. बाई भीमाचं गाणं म्हणते आणि लाखो लोक मोबाईलवर बघतात, ऐकतात. तिथं आवाजही तिचाच नि तोंडही तिचंच. आपल्या माणसाला आपलं तोंड बघवत नाही, हे कुणी ठरवलं? गोरं ते देखणं, ही शिकवण मनूच्याच घरची. महाडला जाळली ती आपण मेकअपच्या डब्यात सांभाळून ठेवलीय काय?

माझं म्हणणं थोडक्यात. बाईला सूटबूट घातला, बुलेटवर बसवलं, निळा फेटा बांधला, म्हणजे ती मोकळी झाली असं नाही. आणि ती नटली म्हणजे बाटली असंही नाही. तिनं काय घालावं हे कॅमेऱ्यामागचा बाप्या ठरवणार, की ती? कॅमेरा धरायला आपल्या पोरी कधी शिकणार? मंडळाच्या हिशेबाच्या वहीत गाणारणीचं नाव नि मानधन लिहिलं जाणार का?

पुढच्या जयंतीची बैठक लागेल तेव्हा मी हे मांडणार आहे. जिचा गळा तिचंच तोंड, नाहीतर आमच्या घरची वर्गणी मिळणार नाही. आमच्या आळीतल्या बाया तयार आहेत. तुमच्या वस्तीत काय करता ते बोला.