मुक्कामाचे दार

आता नांदूरघाटहून सकाळी निघालेला माणूस जिल्ह्याचे काम उरकून रात्री घरी परततो. आमच्या आजी-आजोबांच्या काळी तसे नव्हते. प्रवास म्हणजे बैलगाडी, नाहीतर पायपीट. वाटेत रात्र व्हायचीच. त्यासाठीच गावोगावी धर्मशाळा, सराया, मुसाफिरखाने उभे राहिले. कोणी पुण्य म्हणून बांधले, कोणी सोय म्हणून. पण त्यांच्या ओसरीवर आमच्या माणसांना पाठ टेकायला जागा नव्हती.

घरातील वडीलधारी सांगत, अंधार पडला की आधी त्या गावचा महारवाडा विचारायचा. तक्क्यात घोंगडी अंथरायची. कोणाच्या तरी चुलीवरची भाकर मिळायची. ओळख नसली तरी बोलता बोलता नाते निघायचे. आमची धर्मशाळा ती!

परमपूज्य बाबासाहेबांनीही हे भोगले. १९०१ साली वडिलांना भेटायला ते भावंडांसह साताऱ्याहून गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा बैलगाडी मिळाली, तीही स्वतः हाकायची. रात्री टोलनाक्यावर मुक्काम पडला. सोबत डबा होता, पण पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशी झोपली. पुढे १९१७ साली, परदेशात शिकून बडोद्याला नोकरीवर गेलेल्या याच बाबासाहेबांना पारशी पथिकाश्रमात खरे नाव लपवून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली.

१९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातील सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा सर्वांना खुल्या झाल्या, निदान कागदावर. आमचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात. इकडे तेवढाही आधार नव्हता. १९४८ साली निजामी राजवट संपली, १९५० साली बाबासाहेबांची घटना लागू झाली. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात तर धर्मशाळा, सराय, मुसाफिरखाना हे शब्दच नावानिशी आले. ज्या दारांनी आमच्या पिढ्या परतवल्या, ती दारे कायद्याने मोजून घेतली.

आज पैसे मोजले की लॉजवर खोली मिळते. पण शहरात शिकायला गेलेली आमची पोरे भाड्याची खोली बघतात तेव्हा घरमालक आधी आडनाव विचारतो. मग खोली ‘कालच गेलेली’ असते. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, शहरात स्थिरावलेल्या आपल्या घरांनी तक्क्याची रीत मोडू नये. गावाकडचे लेकरू पिशवी घेऊन दारात आले, तर खोली मिळेपर्यंत त्याला चार दिवस आपल्याकडे ठेवून घ्यावे.