पंचविसांची यादी

बिरसी, ता. गोंदिया
२२ जुलै २०२१

चि. सौ. बाईस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट पाहून घाबरू नको. माय बरी आहे, मुलं बरी आहेत. रोज फोन होतो तरी पत्र लिहायला बसलो, कारण फोनवर आपलं बोलणं तीनच गोष्टींवर येऊन थांबतं: तब्येत, लस आणि पाऊस. मायचा दुसरा डोस झाला, आमचा चौऱ्याऐंशी दिवसांनी आहे, पाणी चार दिवस झाले पडलं नाही, एवढं सांगून झालं की तू म्हणतेस, "बरं, ठेवते." पूर्वी तू इतक्या लवकर ठेवत नव्हतीस. त्याचं कारण मला माहीत आहे असं वाटतं, म्हणून हे पत्र.

धानाची रोवणी निम्म्यावर आली आहे. खालच्या बांध्या झाल्या, बोडीकडच्या राहिल्या. परवा इंजिनाचा पट्टा तुटला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. एका बांधीत बाया रोवत होत्या, दुसरीत चिखलणी चालू होती, पऱ्ह्यांच्या पेंढ्या धुऱ्यावर पडून होत्या. सगळं तसंच टाकून, पाय धुऊन कामठ्याला पोचेस्तोवर चार वाजून दहा मिनिटं झाली. शटर पडलेलं. दुकानदार आतच होता, आवाज ओळखून बोललाही. पण चारनंतर माल दिला तर दंड, म्हणाला, सकाळी या. त्याचंही खोटं नव्हतं. जूनच्या सुरुवातीला आपला जिल्हा पहिल्या स्तरात होता, सगळं उघडलं होतं. २५ जूनला डेल्टा प्लसची भीती आली आणि सगळ्या राज्याला किमान तिसरा स्तर लागला. चार वाजता बंद. रोवणीच्या दिवसांत शेतकरी चारच्या आत बांधीतून निघतो का, बाई? त्या रात्री पऱ्हे ओल्या पोत्याखाली झाकून ठेवले आणि सकाळी उठून पुन्हा गेलो. एका पट्ट्यासाठी पंधरा बायांची अर्धी मजुरी गेली.

तुझी भाची यंदा पाचवीत गेली. चौथीच्या वर्गात ती एक दिवसही बसली नाही. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणतात, ते आपल्या घरी एका फोनवर सुरू आहे आणि तो फोन माझ्यासोबत बांधीवर असतो. मी संध्याकाळी घरी आलो की ती फोन घेऊन छतावर जाते, कारण खाली रेंज नाही, आणि सकाळी आलेला अभ्यास अंधारात वहीत उतरवते. १५ जुलैपासून कोरोनामुक्त गावांतले आठवी ते बारावीचे वर्ग उघडायला परवानगी मिळाली. तिने विचारलं, "बाबा, पाचवीच्या मुलांना कोरोना जास्त होतो का?" मला उत्तर देता आलं नाही. गेल्या वर्षी शाळा उघडेल म्हणून शिवून ठेवलेला गणवेश तिने परवा काढून पाहिला. अंगात एकदाही न घालता तो आखूड झाला आहे.

माय दिवसभर ओसरीत असते. तिला विमानांच्या आवाजाची किती सवय आहे ते तुला माहीत आहे. इंग्रजांनी १९४० साली महायुद्धासाठी बांधलेली ही धावपट्टी तिच्या जन्माच्या आधीची. इथं वैमानिक घडवायला लागले तेव्हापासून शिकाऊ पोरांची छोटी विमानं डोक्यावर फेऱ्या मारतात, आणि त्या आवाजावर ती चहाची वेळ ओळखते. गेल्या वर्षी मार्चअखेर तो आवाज एकदम थांबला. "आज फिरत नाही का?" असं ती रोज विचारायची. काही महिन्यांनी विमानं पुन्हा सुरू झाली तेव्हा ती अंगणात उभी राहून वर बघत होती. बराच वेळ बघून म्हणाली, "हे तं किरनापूरकडे वळून येते. बाईच्या घरावरून येत असंन." मग आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

यातलं काही मी कुणापाशी बोललो नाही. बोलायची लाज वाटायची. गेल्या वर्षी मे महिन्यात कोहमारा-देवरीच्या महामार्गाने माणसं डोक्यावर गाठोडं आणि कडेवर लेकरू घेऊन छत्तीसगडकडे चालत गेली, ती डोळ्यांसमोर होती. यंदाच्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनच्या खाटेसाठी लोक गोंदियाहून नागपूरपर्यंत फोन फिरवत होते. अशा वेळी शटर चारला पडतं आणि गणवेश आखूड झाला, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून सगळेच गप्प राहिलो. पण न बोललेली गोष्ट घरातच कुठंतरी बसून राहते आणि मग ज्याचा काही दोष नाही त्याच्यावर निघते. त्या पट्ट्याच्या दिवशी मी घरी येऊन पोरीवर ओरडलो. फोनची बॅटरी तिने संपवली, एवढंच निमित्त होतं.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो.

काकाच्या पोरीचं लग्न मे महिन्यात झालं. २१ एप्रिलला सरकारचा आदेश आला होता: लग्न दोन तासांत उरकायचं, माणसं पंचवीस, नियम मोडला तर पन्नास हजार दंड. काका मला म्हणाला, तू यादी कर, माझ्याच्यानं होणार नाही. रात्री जेवणं झाल्यावर कॅलेंडरचं एप्रिलचं पान फाडून मागच्या बाजूला लिहायला बसलो. नवरदेवाकडचे बारा, आपल्याकडचे बारा आणि भटजी एक. आपल्या बारांत नवरी, काका, काकू, तिचे दोघं भाऊ, आत्या, मामा, मामी, माय आणि मी. दहा झाले. अकरावं नाव मी तुझं लिहिलं होतं. बारावा पाणी भरायला आणि सामान उचलायला एक माणूस हवा होता. मग काकू म्हणाली, स्वयंपाक कोण करील? तेरावा माणूस बसत नव्हता. पेन माझ्या हातात होता. तुझ्या नावावर रेघ मारून मी स्वयंपाकी लिहिला.

कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. मी मनाची समजूत घातली की तुमच्या मध्यप्रदेशने मार्चपासून महाराष्ट्राच्या बस बंदच केल्या आहेत, रजेगावच्या पुलावर कागद विचारतात, तुला तसंही येता आलं नसतं. पण मी तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "दादा, माझं नाव काढ, स्वयंपाकी राहू दे." तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तेवढं म्हणायची संधी मी तुला दिली नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, "नियम आहे, बाई." तू म्हणालीस, "हो, नियमच आहे." आणि फोन ठेवलास.

नियम पंचविसांचा होता. त्यात कोणतं नाव नको, हे सरकारने लिहून दिलं नव्हतं. ते मी ठरवलं.

हे मला मांडवात उभा असतानाच कळलं. माणसं लांब लांब उभी होती, तोंडं झाकलेली. अक्षता टाकायला हात इतके कमी की तांदूळ ताटात उरले. नवरीचा हात हातात देताना काका इकडंतिकडं बघत होता. अशा वेळी तू त्याच्या मागं उभी राहायचीस, आपल्या घरच्या प्रत्येक लग्नात. त्या जागी मोकळी भिंत होती. दोन तास व्हायच्या आत वऱ्हाड निघालं. माय गाडीत बसताना एवढंच म्हणाली, "बाईले बोलावलं असतं तं झालं असतं."

मग एका रात्री मी ई-पास भरायला बसलो. म्हटलं, तिला चार दिवसांसाठी घेऊन येऊ. नाव, गाव, गाडीचा नंबर, सगळं भरलं. पुढं रकाना होता प्रवासाच्या कारणाचा. दवाखाना, मयत, असं काही असेल तर कागद जोडायचा. बहिणीला अकरा महिने पाहिलं नाही, आई जेवत नाही, माझ्या हातून चूक झाली आहे, याचा कागद कुठून आणू? खोटं आजारपण लिहायचा विचार मनात आला. मायचं नाव आजारी म्हणून लिहायला हात धजला नाही. पाऊण तास बसून फोन बंद केला.

राज्याने १३ मार्च २०२० ला जो साथरोग कायदा लावला तो १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. त्या वर्षी पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरून झडती घेत. लोकांचा राग इतका साठला की जूनमध्ये प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली गेली. हे शाळेत शिकलो तेव्हा नुसती गोष्ट वाटायची. आता वाटतं, त्या लोकांना निदान राग कुणावर धरायचा ते माहीत होतं. घरात शिरणारा परका होता. आपल्या दाराला कडी आपण स्वतः लावली, यादी आपल्याच अक्षरात लिहिली. ते करणं गरजेचं होतं. मी त्याला नावं ठेवत नाही. आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या, लोकांनी लग्नं आवरली, बाजार बंद ठेवला, म्हणून आपल्या मोहल्ल्यातली म्हातारी माणसं आज ओसरीत बसलेली दिसतात. माय त्यांतलीच एक. पण नियम पाळताना आपल्या हातून जी माणसं दुखावली, त्यांच्यापुढं नियमाचं नाव सांगून मोकळं होता येत नाही. नियम उठायचा तेव्हा उठेल. रेघ मी मारली आहे, ती मलाच पुसावी लागेल.

म्हणून ते कॅलेंडरचं पान या पत्रात घालून पाठवतो आहे. फाडून टाकणार होतो, पण ते तुझ्याकडे असावं असं वाटलं. अकराव्या ओळीवर रेघेखाली तुझं नाव अजून वाचता येतं. तुला राग आला तर फोनवर बोल, मी ऐकून घेईन. "बरं, ठेवते" मात्र म्हणू नको.

पुढच्या महिन्यात २२ तारखेला राखी आहे. गेल्या वर्षी तुझी राखी पाकिटातून आठ दिवस उशिरा आली आणि ती पोरीने बांधली. यंदा माय म्हणते, "तिले सांग, राखी पोस्टानं धाडू नको म्हणा. आपल्याजवळच ठेव म्हणा." पूल मोकळा झाला तर रोवणी आटोपून मी स्वतः न्यायला येतो. तोवर नाही झाला तर पोळ्याला ये, नाहीतर दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला. गेल्या वर्षी मंडई भरलीच नाही, दंडार झाली नाही; यंदा काय होईल कोण जाणे. राखी कोणत्या महिन्यात बांधायची याचा नियम आपण आपल्यापुरता मोडू. माझा हात तोवर मोकळाच राहील.

जावईबापूंना नमस्कार, मुलांना गोड पापा. माय दारात उभी आहे, विमान फिरतं आहे वर.

तुझा,
दादा